पोप लिओ दहावा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळेच्या इतिहासात लिओ दहावा एका ओळीत संपतो: त्याने क्षमापत्रं विकली, जर्मन साधू मार्टिन ल्यूथर भडकला, चर्च फुटलं. ओळ खरी आहे. पण विकायची वेळ का आली, एवढा पैसा जात कुठे होता, हे त्या ओळीत येत नाही. त्याचा माग काढत गेलं की वाटेत चित्रकार राफाएल भेटतो, एक हत्ती भेटतो आणि गोव्याहून जहाजात चढवलेला एक गेंडाही भेटतो. प्रबोधनकाळातल्या या पोपबद्दल लोक नेहमी जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

लिओ दहावा म्हणजे नेमका कोण?

मूळ नाव जोव्हान्नी दे मेदिची. जन्म ११ डिसेंबर १४७५, फ्लोरेन्स. मृत्यू १ डिसेंबर १५२१, रोम. मार्च १५१३ पासून मरेपर्यंत, म्हणजे साधारण पावणेनऊ वर्षं, तो पोप होता. वडील लोरेन्झो दे मेदिची, ज्यांना लोक 'इल मान्यिफिको' म्हणजे वैभवशाली म्हणत. आई क्लारिचे ओर्सिनी, रोममधल्या जुन्या सरदार घराण्यातली.

मेदिची मूळचे पेढीवाले. राजा नाहीत, सरदार नाहीत, पण फ्लोरेन्सचा कारभार त्यांच्या दिवाणखान्यात ठरायचा. लोरेन्झोच्या तीन मुलांपैकी हा मधला. थोरला पिएरो गादी चालवणार, म्हणून याला चर्चमध्ये घालायचं, हे लहानपणीच ठरलं.

तेराव्या वर्षी कार्डिनल? हे शक्य तरी कसं झालं?

सोयरिकीमुळे. तेव्हाचे पोप इनोसंट आठवे यांच्या मुलाशी लोरेन्झोने आपली मुलगी माद्दालेना दिली. (पोपचा मुलगा? हो. त्या काळात रोममध्ये याचं कुणाला फारसं नवल वाटत नसे.) जोव्हान्नीचा धर्मसेवेतला मुंडनविधी सातव्या वर्षीच उरकला होता, आणि मठांची उत्पन्नं त्याच्या नावावर लागत चालली होती. मार्च १४८९ मध्ये त्याला कार्डिनल (पोपची निवड करणाऱ्या वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांपैकी एक) केलं, तेव्हा तो तेरा वर्षांचा होता. पोपलाही थोडं अवघड वाटलं असावं, कारण अट अशी घातली की तीन वर्षं ही गोष्ट गुपित ठेवायची आणि लाल टोपी घालायची नाही. गुपित अर्थातच लगेच फुटलं.

मधल्या काळात पोरगा पिसा इथे धर्मशास्त्र आणि चर्चचा कायदा शिकला. घरी त्याला शिकवायला पोलित्सियानोसारखा कवी-पंडित होता. १४९२ मध्ये तो रोमला निघाला, तेव्हा लोरेन्झोने त्याला लिहिलेलं पत्र आजही वाचायला मिळतं. रोम हे सगळ्या दुर्गुणांचं आगर आहे, सांभाळून राहा. लवकर ऊठ, साधं जेव, व्यायाम कर, असा बापाचा उपदेश त्यात आहे. महिन्याभरात लोरेन्झो वारला. साधं जेवण आणि व्यायाम हा भाग मुलाने फार मनावर घेतलेला दिसत नाही.

मेदिचींना फ्लोरेन्समधून हाकललं होतं ना? मग तो पोप कसा झाला?

१४९४ मध्ये फ्रान्सचा राजा आठवा चार्ल्स सैन्य घेऊन इटलीत उतरला. पिएरोने त्याच्यापुढे नांगी टाकली आणि चिडलेल्या लोकांनी अख्ख्या घराण्याला बाहेर काढलं. जोव्हान्नी फ्रान्सिस्कन साधूच्या वेषात निसटला. पुढची काही वर्षं जर्मनी, नेदरलँड्स, फ्रान्स अशी भटकण्यात गेली. १५०३ मध्ये पिएरो गारील्यानो नदीत बुडून मेला आणि घराण्याची सूत्रं याच्या हाती आली.

तेव्हाचे पोप ज्युलियस दुसरे स्वतः चिलखत चढवून लढाईवर जाणारे गृहस्थ होते. त्यांच्या वतीने हा सैन्याबरोबर गेला आणि ११ एप्रिल १५१२ रोजी राव्हेन्नाच्या लढाईत फ्रेंचांच्या हाती सापडला. तिथूनही निसटला. त्याच वर्षी स्पॅनिश सैन्याच्या जोरावर मेदिची फ्लोरेन्सला परतले, पण त्याआधी प्रातो हे शेजारचं गाव अक्षरशः लुटलं गेलं. 'मऊ स्वभावाचा, हसतमुख लिओ' असं वर्णन अनेक पुस्तकांत येतं. प्रातोच्या लोकांना ते पटलं नसतं.

फेब्रुवारी १५१३ मध्ये ज्युलियस गेले. निवडणुकीसाठी कार्डिनल जमले, तेव्हा जोव्हान्नीला भगंदराचा इतका त्रास होता की त्याला पालखीत घालून आणावं लागलं. कोंडलेल्या सभेत शस्त्रक्रिया झाली. वय सदतीस, प्रकृती ही अशी, भांडखोर ज्युलियसनंतर शांत माणूस हवा होता, आणि तरुण कार्डिनल त्याच्या बाजूने होते. निवड ९ मार्चला झाली. 'हा काही फार दिवस टिकत नाही' असा हिशेब काही म्हाताऱ्यांनी मनात केला असेल, तर तो फारसा चुकला नाही.

पोप म्हणून निवडला गेला तेव्हा तो धर्मगुरूही नव्हता, हे खरं का?

खरं आहे. चोवीस वर्षं कार्डिनल होता, पण धर्मगुरूची दीक्षा घेतलेली नव्हती. १५ मार्चला दीक्षा, १७ ला बिशप, १९ ला राज्याभिषेक. चार दिवसांत सगळं उरकलं.

खरी मिरवणूक मात्र ११ एप्रिलला निघाली, राव्हेन्नाच्या लढाईला बरोबर वर्ष झालं त्या दिवशी. त्या लढाईत ज्या पांढऱ्या तुर्की घोड्यावर तो होता, त्याच घोड्यावर बसून. रस्त्यात कमानी उभारल्या होत्या. बँकर आगोस्तिनो कीजीने आपल्या कमानीवर लिहिलं होतं: आधी व्हीनसचं राज्य होतं, मग मार्सचं, आता पॅलसचं आलं. व्हीनस ही प्रेमाची देवता म्हणजे आधीचे रंगेल पोप आलेक्झांडर सहावे, मार्स हा युद्धाचा देव म्हणजे लढवय्ये ज्युलियस, पॅलस ही विद्येची देवता म्हणजे विद्याप्रेमी लिओ. यावर शेजारच्या एका सोनाराने व्हीनसचा पुतळा मांडून खाली लिहिलं: मार्स होऊन गेला, पॅलस आहे, पण मी व्हीनस कायमचीच. रोमच्या लोकांची जीभ कशी होती, ते यावरून कळावं.

त्या एका दिवसावर एक लाख डुकाट (तेव्हाची सोन्याची नाणी) उडाले असं सांगितलं जातं.

'देवाने पोपपद दिलंय, चला उपभोग घेऊ या' असं तो म्हणाला होता का?

हे वाक्य त्याच्या नावावर इतकं चिकटलंय की कुठलंही पुस्तक उघडा, सापडेल. ते आलंय व्हेनिसच्या एका राजदूताच्या अहवालातून, आणि निवडणूक झाली तेव्हा तो राजदूत रोममध्ये नव्हता. म्हणजे ऐकीव. 'ख्रिस्ताच्या या दंतकथेने आपला किती फायदा करून दिला' हे दुसरं प्रसिद्ध वाक्य तर सरळ रचलेलं आहे. जॉन बेल या इंग्लिश प्रॉटेस्टंट लेखकाने ते पुढे आपल्या टीकेत त्याच्या तोंडी घातलं. लिओ श्रद्धाळू होता, उपास पाळत होता, प्रार्थनेला नियमाने बसत होता. पहिलं वाक्य तो म्हणाला नसेलही, पण वागला तसाच, आणि म्हणून ते टिकलं.

पैसा येत कुठून होता आणि जात कुठे होता?

माझ्या मते लिओ समजून घ्यायचा तर याच प्रश्नापासून सुरुवात करावी.

ज्युलियस दुसरे लढाया करूनही तिजोरी भरून ठेवून गेले होते. लिओने ती दोनेक वर्षांत संपवली. पोपच्या वाड्यात पगारावर आणि अन्नावर असलेली माणसं सातशेच्या घरात गेली: गवई, वादक, कवी, विदूषक, बाजबहिरी सांभाळणारे. गाणं हा त्याचा जीव की प्राण, स्वतःही रचना करायचा. रोमबाहेर ला माल्याना इथे शिकारीचा वाडा होता, तिथे महिना महिना मुक्काम. शिवाय दानही सढळ हाताने. रस्त्यात कुणी हात पुढे केला तर लाल मखमली थैलीतून मूठभर नाणी काढायची, मोजायची नाहीत.

मग युद्ध. पुतण्या लोरेन्झोला जहागीर हवी म्हणून १५१६ मध्ये त्याने ऊर्बिनोच्या ड्यूकला हाकललं. ड्यूक परत आला आणि लढाई लांबली. त्यात आठ लाखांपर्यंत डुकाट गेले असं समकालीन लोक लिहितात. त्यात रोममधल्या सेंट पीटरच्या नव्या चर्चचं बांधकाम. पाया ज्युलियसने १५०६ मध्ये घातला होता, पुढचा खर्च याच्या गळ्यात.

आता आवक. पोपच्या दरबारातल्या जागा विकत मिळत. ही निव्वळ लाच नव्हती, तो एक कर्जाचा प्रकार होता. तुम्ही मोठी रक्कम भरून कारकुनाची किंवा मानाची जागा घ्यायची आणि मरेपर्यंत वर्षाला ठरावीक उत्पन्न घेत राहायचं, जवळजवळ आजच्या पेन्शन योजनेसारखं. रक्कम आज हातात येते, देणं वर्षानुवर्षं फिटत राहतं. नवी रोकड हवी झाली की लिओ नव्या जागा निर्माण करायचा. त्याच्या अखेरीस अशा विकाऊ जागा दोन हजारांवर गेल्या होत्या. त्यापलीकडे फ्लोरेन्सच्या पेढ्यांकडून चढ्या व्याजाने कर्ज, तेही भागलं नाही तर चांदीची भांडी आणि जडजवाहीर गहाण.

ऋण काढून सण करणारी माणसं आपल्या ओळखीत असतात. त्यांचा सण एका घरापुरता असतो. याच्या सणाचं बिल अर्ध्या युरोपाकडे गेलं.

त्याला विष देण्याचा कट खरंच झाला होता का?

१५१७ चं प्रकरण. सिएनाचा तरुण कार्डिनल आल्फोन्सो पेत्रुच्ची याच्या भावाची तिथली सत्ता लिओच्या मदतीने गेली होती, त्याचा राग. आरोप असा की बातिस्ता दा व्हेर्चेल्ली नावाच्या शस्त्रवैद्याने भगंदरावर उपचार करता करता विष घालायचं. पेत्रुच्चीला अभयपत्र देऊन रोमला बोलावलं आणि येताच अटक केली. त्याला कास्तेल सांत'आंजेलो या रोममधल्या किल्ल्याच्या कोठडीत गळा आवळून मारलं. वैद्याचे हालहाल करून जीव घेतला.

कबुल्या छळ करून घेतलेल्या, त्यामुळे कटात तथ्य किती यावर इतिहासकारांत एकमत नाही. पुढे काय झालं ते मात्र स्पष्ट आहे. म्हातारे, गडगंज कार्डिनल रियारियो 'ठाऊक असून बोलले नाहीत' म्हणून दीड लाख डुकाट दंड भरून सुटले आणि त्यांचा सुंदर वाडाही गेला. १ जुलै १५१७ ला लिओने एका दमात एकतीस नवे कार्डिनल केले. जुन्यांचा विरोध बुडाला आणि नव्यांपैकी अनेकांकडून मोठ्या रकमा आल्या. ऊर्बिनोचं युद्ध नेमकं तेव्हाच चालू होतं, हे लक्षात ठेवा.

हत्तीची गोष्ट खरी आहे?

अगदी खरी. पोर्तुगालचा राजा मानुएल याला भारताच्या किनाऱ्यावरचे आपले विजय पोपसमोर मिरवायचे होते. आफोन्सो द आल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतला होता, १५११ मध्ये मलाक्का. मसाल्याच्या व्यापारावरच्या हक्काला पोपची मोहर हवी होती. म्हणून त्रिश्तांव द कुन्या याच्या हाताखाली मोठं शिष्टमंडळ रोमला आलं. १२ मार्च १५१४ ला त्याची मिरवणूक निघाली: चित्ता, पोपट, जरतारी वस्त्रं, आणि सगळ्यांच्या पुढे भारतातून नेलेला एक कोवळा, पांढरट हत्ती.

रोमने शेकडो वर्षांत हत्ती पाहिला नव्हता. लोक घरांच्या छपरांवर चढले. पोप कास्तेल सांत'आंजेलोवरून बघत होता. हत्ती समोर आला, माहुताने इशारा केला, त्याने तीनदा वाकून नमस्कार केला, सोंड उंचावून चीत्कार केला आणि मग पाण्याच्या भांड्यात सोंड घालून गर्दीवर आणि मानकऱ्यांवर फवारा सोडला. लिओ लहान मुलासारखा खूश झाला म्हणतात. आपल्याकडे देवळाच्या दारातला हत्ती नारळ घेऊन डोक्यावर सोंड ठेवतो तेव्हा जे होतं, तेच तिथे झालं.

त्याचं नाव हान्नो. मल्याळममध्ये हत्तीला 'आना' म्हणतात, त्यावरून ते पडलं असावं असा एक तर्क आहे. व्हॅटिकनजवळ त्याच्यासाठी पीलखाना बांधला, देखरेखीला दरबारातला माणूस नेमला. त्याच वर्षी बाराबाल्लो नावाच्या एका म्हाताऱ्या कवीची गंमत करायची टूम निघाली. आपण थोर कवी असल्याचा या गृहस्थाचा समज होता. त्याला नटवून हत्तीवर बसवलं आणि कापितोल टेकडीवर कविराजाचा मुकुट घालायला वाजतगाजत नेलं. ढोल, कर्णे आणि लोकांचा गोंगाट यांनी हत्ती बिथरला, पुलावर जाईना. कविराज खाली उतरले. एका माणसाचं इतकं हसं करण्यात पोपने दिवस घालवावा, हे मला त्या विष-प्रकरणाइतकंच लिओबद्दल सांगून जातं.

जून १५१६ मध्ये हत्ती आजारी पडला. वैद्यांनी सोनं घातलेलं रेचक दिलं. ८ जूनला तो मेला. लिओला अतोनात दुःख झालं. राफाएलकडून त्याचं हत्तीच्या आकाराचं चित्र भिंतीवर काढून घेतलं (ते आता नाही), खाली स्मृतिलेख लिहिला. गावात 'हत्तीचं मृत्युपत्र' नावाचं एक चावट विडंबन फिरलं, त्यात हत्ती आपला एकेक अवयव एकेका कार्डिनलला देऊन जातो. १९६२ मध्ये बेल्वेदेरेच्या चौकात खोदकाम चालू असताना दात आणि हाडं निघाली. ती हान्नोची असल्याचं पुढे ओळखलं गेलं.

आणि गोव्याहून निघालेला गेंडा?

ही गोष्ट आपल्या किनाऱ्यावर सुरू होते. आल्बुकर्कला दीवला किल्ला बांधायचा होता. त्याने गुजरातचा सुलतान मुझफ्फरशाह दुसरा याच्याकडे वकील पाठवले. सुलतानाने किल्ल्याला नकार दिला, पण भेटी दिल्या. त्यात एक जिवंत गेंडा होता. तो गोव्यात आला. एवढं धूड ठेवणार कुठे आणि खाऊ काय घालणार? आल्बुकर्कने तो राजाकडे रवाना केला. जानेवारी १५१५ मध्ये जहाज निघालं आणि २० मे ला लिस्बनला लागलं. बरोबर ओसेम नावाचा त्याचा रखवालदार होता. पोर्तुगीज त्या प्राण्याला 'गंडा' म्हणत. शब्द कुठून गेला हे मराठी वाचकाला सांगायला नको.

गेंडा आणि हत्ती हाडवैरी असतात असं जुन्या रोमन ग्रंथात लिहिलं होतं. मानुएलने ते करून पाहिलं. ३ जूनला लिस्बनमध्ये आपल्याकडचा एक हत्ती आणि हा गेंडा यांना समोरासमोर आणलं. हत्तीने गेंड्याकडे एकदा पाहिलं आणि धूम ठोकली. लढाई संपली.

डिसेंबरमध्ये हिरव्या मखमलीचा पट्टा बांधून गेंडा पोपला भेट म्हणून निघाला. वाटेत मार्सेयजवळ फ्रान्सच्या राजाने मुद्दाम थांबून तो पाहिला. नंतर इटलीच्या किनाऱ्याजवळ, पोर्तोव्हेनेरेच्या आसपास, वादळात जहाज बुडालं. गेंडा पोहू शकतो, पण हा साखळीने डेकला बांधलेला होता.

लिओला तो जिवंत कधीच दिसला नाही. लिस्बनहून आलेल्या एका पत्रावर आणि रेखाटनावर विसंबून न्युरेम्बर्गच्या आल्ब्रेख्ट ड्यूररने त्याचं चित्र लाकडात कोरलं. त्यानेही गेंडा कधी पाहिला नव्हता, म्हणून अंगावर चिलखताचे पत्रे आणि मानेवर एक जादा शिंग. युरोपातली मुलं पुढची अडीचशे वर्षं तोच गेंडा खरा समजत राहिली.

गोव्याच्या चर्चशी लिओचा काही संबंध?

कागदावरचा. १५१४ मध्ये त्याने मदेरा बेटावरच्या फुंशालला बिशपची गादी दिली आणि पोर्तुगीजांनी नव्याने जिंकलेले सगळे मुलूख तिच्या कक्षेत टाकले. म्हणजे गोव्यातल्या ख्रिस्ती माणसाचा बिशप अटलांटिक महासागरातल्या एका बेटावर. गोव्याला स्वतःची गादी मिळाली ती पुढे १५३४ मध्ये, पोप पॉल तिसरे यांच्या काळात.

क्षमापत्रं म्हणजे काय? खरंच पाप विकत धुऊन मिळायचं?

चर्चची शिकवण तशी नव्हती. पाप कबूल करून पश्चात्ताप केला की देव क्षमा करतो, पण त्या पापाचा ऐहिक दंड उरतो. तो या जन्मात फेडायचा, नाहीतर मेल्यावर शुद्धीच्या अग्नीत. तो दंड चर्च काही सत्कृत्याच्या बदल्यात माफ करू शकतं: यात्रा, प्रार्थना, दान. या माफीचा कागद म्हणजे क्षमापत्र. दानात पैसा आला, आणि गावच्या बाजारात विकणाऱ्याच्या तोंडी शिकवणीचा बारकावा कुठला टिकायला? मेलेल्या आईबापांना सोडवायचं असेल तर नाणं टाका, एवढंच लोकांना ऐकू गेलं.

लिओने १५१५ मध्ये सेंट पीटरच्या बांधकामासाठी जर्मनीत हे वाटप मंजूर केलं. पडद्यामागचा व्यवहार वेगळा होता. ब्रांडेनबुर्गचा आल्ब्रेख्ट हा विशीतला राजपुत्र एका ठिकाणचा आर्चबिशप असताना माइन्झचाही आर्चबिशप होऊ पाहत होता. वयही कमी आणि पदंही एकाहून जास्त, म्हणजे नियमात बसत नव्हतं. रोमने नियम बाजूला ठेवायचे दहा हजार डुकाट लावले, बाकीचे शुल्क वेगळे. आल्ब्रेख्टने ते आउग्सबुर्गच्या फुग्गर पेढीकडून कर्जाऊ घेतले. कर्ज फेडायचं कसं? त्याच्या मुलखात विकलेल्या क्षमापत्रांचं निम्मं उत्पन्न फुग्गरला, निम्मं रोमला. ती विकणारा योहान टेट्झेल गावोगाव प्रवचन देत फिरे, आणि पेटीवर लक्ष ठेवायला पेढीचा माणूस बरोबर असे.

ल्यूथरला ही आतली देवघेव माहीत नव्हती. त्याने ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी क्षमापत्रांवर आक्षेप घेणारी आपली ९५ कलमं पाठवली, तीही थेट याच आल्ब्रेख्टकडे. आल्ब्रेख्टने ती रोमकडे ढकलली.

मग लिओने ल्यूथरला वेळीच का आवरलं नाही?

त्याला साधूसाधूंमधलं भांडण वाटलं, हे एक कारण. दुसरं जास्त वजनाचं. जानेवारी १५१९ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा (म्हणजे मुख्यतः जर्मन मुलखाचा) सम्राट माक्सिमिलियन वारला. स्पेनचा राजा चार्ल्स सम्राट होऊ नये अशी लिओची धडपड होती, कारण नेपल्स आधीच त्याच्या हातात होतं आणि पोपचं राज्य मध्ये चेपलं गेलं असतं. सम्राट निवडणाऱ्या सात जणांपैकी एक सॅक्सनीचा फ्रेडरिक, आणि तोच ल्यूथरचा पाठीराखा. त्याला दुखवायचं नव्हतं. ल्यूथरचं प्रकरण गुंडाळून ठेवलं गेलं. जूनमध्ये चार्ल्सच निवडून आला. तोवर ल्यूथरची पुस्तिका जर्मनीत घराघरांत पोचली होती.

१५ जून १५२० चं फर्मान सुरू होतं: 'हे प्रभू, ऊठ... रानातला एक डुक्कर तुझ्या द्राक्षमळ्याचा नाश करू पाहतो आहे.' त्याच्या मसुद्याचं काम चालू असताना पोप ला माल्यानाला रानडुकराच्याच शिकारीला गेला होता. ल्यूथरच्या लिखाणातली ४१ विधानं त्यात निषिद्ध ठरवली आणि माघारीला साठ दिवस दिले. १० डिसेंबरला ल्यूथरने विटेनबर्गच्या वेशीबाहेर ते फर्मान जाळलं. ३ जानेवारी १५२१ ला त्याला कायमचं वाळीत टाकलं.

त्याआधी रोममधली पाचवी लॅटरन धर्मपरिषद मार्च १५१७ मध्ये संपली होती. चर्चच्या सुधारणेवर तिथे भाषणं झाली, ठराव झाले. सात महिन्यांनी ९५ कलमं आली.

सिस्टिन चॅपेलचं छत त्यानेच करवून घेतलं ना?

नाही. ते ज्युलियसने मायकेलअँजेलोकडून करवून घेतलं, १५०८ ते १५१२. लिओने त्याच चॅपेलसाठी राफाएलकडून भिंतीवर टांगायच्या पडद्यांची चित्रं काढून घेतली, ते ब्रुसेल्सला विणून आणले, आणि २६ डिसेंबर १५१९ ला पहिले सात लावले. त्यांना छतापेक्षा कितीतरी जास्त पैसे पडले. राफाएलच्या मूळ चित्रांपैकी सात आज लंडनमध्ये आहेत.

मायकेलअँजेलो आणि लिओ एकाच वर्षी जन्मलेले, पोरवयात काही काळ लोरेन्झोच्या वाड्यात एकत्र राहिलेले. तरी जमलं नाही. 'तो भयंकर माणूस आहे, त्याच्याशी व्यवहार करणं अशक्य', असं लिओ म्हणाल्याचं एका चित्रकाराने खुद्द मायकेलअँजेलोलाच पत्रातून कळवलं. सान लोरेन्झो चर्चच्या दर्शनी भिंतीचं काम त्याला १५१८ मध्ये दिलं. खाणीतून संगमरवर काढण्यात त्याची वर्षं गेली आणि १५२० मध्ये करारच रद्द झाला. ती भिंत आजही तशीच अपुरी, उघडी आहे.

तो दिसायला कसा होता?

फ्लोरेन्सच्या उफ्फिझीमध्ये राफाएलने काढलेलं चित्र आहे, तिथे तो बसलेला आहे. जाड मान, फुगीर गाल, डोळे किंचित बाहेर. मागे दोन नातलग कार्डिनल: चुलतभाऊ जुलिओ दे मेदिची आणि लुईजी दे रोस्सी. समोर चित्रं असलेलं हस्तलिखित बायबल आणि नक्षीची घंटा. हातात भिंग, कारण त्याला लांबचं दिसत नसे. शिकारीलाही तो भिंग डोळ्याला लावून उभा राहायचा. हात मात्र पांढरे आणि नाजूक, आणि त्यांचा त्याला अभिमान होता. खुर्चीच्या पितळी गोळ्यात खोलीची खिडकी उमटलेली दिसते. १५१८ मध्ये पुतण्या लोरेन्झोच्या लग्नाच्या मेजवानीत हे चित्र मेजावर मांडलं होतं, येऊ न शकलेल्या काकांच्या जागी.

विद्येचा आश्रयदाता म्हणतात ते कितपत बरोबर?

बऱ्याच अंशी. रोमच्या विद्यापीठाला पैसा आणि प्राध्यापक दिले, ग्रीक शिकवायची सोय केली, बेम्बो आणि सादोलेतो यांच्यासारखे लॅटिनवर हुकमत असलेले चिटणीस ठेवले. टॅसिटस या रोमन इतिहासकाराच्या हरवलेल्या सहा भागांचं हस्तलिखित जर्मनीतल्या कोर्वाय मठातून चोरीला गेलं होतं. ते लिओने ५०० डुकाटना घेतलं आणि १५१५ मध्ये छापून घेतलं. मठाला बदल्यात काय? छापील प्रत, छान बांधणी करून, आणि सोबत एक क्षमापत्र.

याच माणसाने त्याच वर्षी, ४ मे ला, कुठलंही पुस्तक छापण्यापूर्वी चर्चची परवानगी लागेल असं फर्मान काढलं.

मॅकिआव्हेली आणि लिओ यांचं काय नातं?

लिओच्या निवडीने फ्लोरेन्सचा राजकीय विचारवंत मॅकिआव्हेली सुटला. मेदिचींविरुद्ध कटाच्या संशयावरून फेब्रुवारी १५१३ मध्ये त्याला धरून, दोरीला टांगून छळलं होतं. पोप फ्लोरेन्सचा झाला म्हणून शहरात आनंदीआनंद, कैद्यांना माफी, त्यात हाही बाहेर. राज्य कसं करावं यावरचं 'प्रिन्स' हे पुस्तक त्याने आधी लिओच्या भावाला आणि नंतर पुतण्या लोरेन्झोला अर्पण केलं, नोकरीच्या आशेने.

तो मेला कसा?

नोव्हेंबर १५२१ मध्ये, चार्ल्सशी हातमिळवणी करून पाठवलेल्या सैन्याने मिलान फ्रेंचांकडून घेतल्याची बातमी ला माल्यानाला आली. रात्रभर आतषबाजी झाली, लिओ थंडीत खिडकीशी उभा राहून पाहत होता. ताप भरला, बहुधा मलेरिया. १ डिसेंबरला खेळ संपला. प्याला देणाऱ्या सेवकावर विषाचा संशय घेऊन त्याला पकडलं, मग सोडून दिलं.

अखेरचे संस्कार मिळायच्या आत तो गेला, आणि रोमच्या भिंतींवर लगेच कुणीतरी चिकटवलं: संस्कार घेणार कसा, ते तर त्याने विकून टाकले होते. बिनी पेढीचे दोन लाख डुकाट त्याच्याकडे अडकले होते. तिच्यासारख्या कित्येकांची दिवाळखोरीची पाळी आली. अंत्यविधीला नव्या मेणबत्त्यांनाही पैसा नव्हता, काही महिन्यांपूर्वी वारलेल्या कार्डिनल रियारियोच्या अंत्यविधीतल्या उरलेल्या वापरल्या, असं सांगतात. दीड लाखांचा दंड भरलेले तेच हे रियारियो.

सध्याच्या पोपनी लिओ हे नाव याच्यावरून घेतलं का?

नाही. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोप लिओ चौदाव्यांनी लिओ तेराव्यांचा (१८७८ ते १९०३) वारसा म्हणून हे नाव घेतलं. दहाव्या लिओनंतर अकरावाही मेदिचीच होता, पण १६०५ मध्ये सत्तावीस दिवसांतच वारला.

त्याची कबर कुठे आहे?

रोममध्ये, पँथिऑनच्या मागे, सांता मारिया सोप्रा मिनेर्व्हा या चर्चमध्ये. वेदीमागे एका बाजूला लिओ, समोरच्या बाजूला क्लेमंट सातवे, म्हणजे चित्रात त्याच्या मागे उभा असलेला जुलिओ. मधल्या एका पोपनंतर, १५२३ मध्ये, तो गादीवर आला. रिकामी तिजोरी, फुटलेलं चर्च आणि चिडलेला सम्राट हे सगळं त्याच्या वाट्याला आलं, आणि १५२७ मध्ये पगार थकलेल्या सम्राटाच्या सैन्याने रोम लुटलं. त्या सैन्यात ल्यूथरचे जर्मन अनुयायी पुष्कळ होते. राफाएलने व्हॅटिकनमध्ये रंगवलेल्या एका भिंतीवर त्यांच्यापैकी कुणीतरी टोकदार वस्तूने ल्यूथरचं नाव कोरून ठेवलं.